जन्माचं प्रकरण

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. तोंड माझं चालतं. ऑफिसात माझ्या तोंडाला भले भले बिचकतात, सोसायटीच्या मीटिंगला मी उठून उभी राहिले की सेक्रेटरी पाण्याची बाटली शोधायला लागतो. पण ते सगळं वरवरचं. आतून मी पक्की भित्री. तर ही गोष्ट एका पुस्तकातल्या आठ पानांना मी कशी घाबरले त्याची आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आमच्या घरी रविवारी दुपारी एक खेळ चालतो. चार जणं जेवणाच्या टेबलाभोवती बसतो. एक जण गोष्ट सांगतो, ती मी. बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होतात, त्यांच्या तोंडानं बोलतात, आणि 'ही भिंत चढता येईल का', 'हा पहारेकरी फसेल का' असं काही अडलं की फासा टाकतात. वीस बाजूंचा फासा. जास्त पडलं तर जमलं, कमी पडलं तर आपटले. मोठी माणसं असलं खेळतात हे कळल्यावर शेजारच्या वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. हसू द्या.

तिघांतले एक माझे पप्पा. जन्मभर खेड्यापाड्यांत मास्तरकी केली, रिटायर झाले आणि माझ्याकडं चिकलठाण्याच्या फ्लॅटवर राहायला आले. आई गेली आणि ते त्यांच्या खोलीत शिरले ते शिरलेच. टीव्ही लावायचे आणि आवाज बंद ठेवायचे. जेवायला हाक मारली की यायचे, 'मीठ बरोबर आहे' म्हणायचे, परत आत. एका रविवारी आमच्यात एक माणूस कमी पडला म्हणून मी त्यांना हाताला धरून ओढत आणलं. 'मी नुसता बघतो' म्हणाले. संध्याकाळ व्हायच्या आत ते एक म्हातारा नावाडी होऊन दरबाराच्या कारकुनाशी असे कडाकडा भांडत होते की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. आई गेल्यावर तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तेव्हापासून माझ्या जिवाला एकच घोर. हा खेळ मोडला तर पप्पा परत त्या खोलीत जातील, आणि मग काही बाहेर यायचे नाहीत.

बाकी दोघांतली एक माझी मैत्रीण. दौलताबादच्या पलीकडं तिचं गाव, घरची मोठी शेती, सीताफळांची बाग, गावात शब्दाला वजन. माझ्याच ऑफिसात, माझ्याच विभागात. दुसरा शहागंजचा आमचा दोस्त, त्याच्या अब्बांचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान तोच बघतो. तो शहराला जुन्या नावानं बोलावतो, ती नव्या नावानं, आणि मी नुसतं 'शहर' म्हणते. यावरूनच कळा माझी हिंमत.

आम्ही बौद्ध. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, दारावर निळ्या अक्षरांत आडनाव आहे. कुणापासून काही लपवलेलं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि टेबलावर बोलणं वेगळं. तो विषय आम्ही चपलांसारखा दाराबाहेर काढून ठेवत होतो, आणि आमचं बरं चाललं होतं.

मी लहान होते तेव्हाचं एक सांगते, म्हणजे माझी भीती कळेल. पप्पांची नव्या गावी बदली झाली होती. टेम्पो सामानासकट दारात उभा. घरमालक चांगला हसत बाहेर आला, पप्पांना 'गुरुजी' म्हणाला, खोलीची किल्ली हातात द्यायला लागला आणि मग सहज विचारल्यासारखं आडनाव विचारलं. पप्पांनी सांगितलं. किल्ली त्याच्या खिशात परत गेली. म्हणाला, भाचा येणार आहे राहायला, मी विसरलोच होतो. पप्पा म्हणाले, 'बरं बरं.' रागावले नाहीत, काही नाही. 'बरं बरं' म्हणत स्वतःच ट्रंक उचलून टेम्पोत ठेवायला लागले. माझा तोच बाप रोज वर्गात पोरांना टेबल आपटून शिकवायचा. त्या 'बरं बरं'चा मी जो धसका घेतला तो आजपर्यंत गेला नाही.

आता पुस्तकांचं. या खेळाचं मूळ नियमांचं पुस्तक परदेशी आहे. त्यात बर्फ, किल्ले, राजे, राजपुत्र, खजिन्यावर बसलेले अजगर. वर्षभर आम्ही तेच खेळलो आणि कंटाळून गेलो. एकदा पप्पांनी विचारलं, "या जगात कापूस कुठं पिकतो गं? एवढी माणसं कपडे घालून हिंडतात ती काय बर्फ विणून?" झालं, ठरलं. नवी गोष्ट वेगळ्या जगात करायची. राजा नको, खजिना नको. मूळ नियमांवर चालतील अशी पुस्तकं तिसरीच मंडळी काढतात, कुठं चार मित्र, कुठं एखादं जोडपं. प्रत्येकात एकेक वेगळं जग असतं. आम्ही त्यांना जोडपुस्तकं म्हणतो. इंटरनेटवर ती ढिगानं विकायला आहेत, आणि ढिगातून निवडायचं म्हणजे लग्नाला स्थळं बघण्यापेक्षा वाईट.

म्हणून पप्पांनी चाखणीचा नियम काढला. खेळणाऱ्या तिघांनी एकेक पुस्तक आणायचं. प्रत्येक पुस्तकाचा एक रविवार. कुणाच्याही पुस्तकाला चाखायच्या आधी नाव ठेवायचं नाही. "पोरांचं असंच असतं," म्हणाले, "दुधी खाऊन बघत नाहीत आणि आवडत नाही म्हणतात."

दोस्ताचं पुस्तक मिठाच्या वाळवंटातल्या तांड्यांचं होतं. गोड होतं, पण उंटांचे नियम इतके किचकट की दुपारभर आम्ही एका उंटालाच उठवत बसलो. पप्पांनी आणलेलं पुस्तक दरवर्षी जागा बदलणाऱ्या नदीचं. मला ते मनापासून आवडलं. मग मैत्रिणीची पाळी आली.

तिचं पुस्तक बघितलं आणि मी आधी खूश झाले. आपल्याकडच्याच कुणी तरुण मंडळींनी केलेलं. काळ्या पाषाणाचं पठार, बारवा, डोंगरात कोरलेल्या वाटा, ज्वारीची शेतं. चित्रं तर अशी की बघत राहावं. तिनं मेसेज केला, "बघितलंस का? किती आपलं वाटतं ना!"

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून वाचत बसले होते. चाळिसावं पान उलटलं. प्रकरणाचं नाव 'जन्म'. आपलं पात्र तयार करताना आधी फासा टाकायचा, आणि फासा सांगेल त्या कुळात जन्म. वरचे आकडे पडले तर 'उजेडाचे', मधले पडले तर 'उंबऱ्याचे', आणि एक ते तीन पडलं तर 'सावलीचे'. सावलीचे लोक वेशीबाहेर राहतात. त्यांची सावली उजेडाच्या माणसावर पडली तर त्याचं तेज कमी होतं. म्हणून सावलीच्यांना भरपाई दिली होती. अंधारात लपण्याचे तीन गुण जास्त.

भरपाई! वा रे वा! ज्यानं हे लिहिलं त्याच्या तोंडात माती.

संताप आला, पण तो पोळीच्या एका घासापुरता. त्याच्या मागून भीती आली आणि तिनं अख्खा डबा खाल्ला. डोळ्यांसमोर आमचं टेबल आलं. पप्पा फासा टाकतायत, दोन पडलेत, मैत्रीण हसत हसत मोठ्यानं वाचतीये, 'काका, तुम्ही वेशीबाहेरचे!' तिच्या मनात काही नसणार. तेच तर भयंकर. आणि पप्पा म्हणणार, 'बरं बरं.' माझ्या घरात, माझ्या टेबलावर. आणि पुढच्या रविवारी खोलीचं दार बंद.

तिला सांगावं तर काय सांगू? 'हे प्रकरण नको' म्हटलं की ती विचारणार, का गं? मग मला ते बोलावं लागणार, बोललं की ती अवघडणार, अवघडली की येणं कमी करणार. न सांगावं तर फासा आहेच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नियमानुसार नावही ठेवता येत नव्हतं, आणि नियम कुणाचा, तर पप्पांचाच.

मी शहागंजला गेले. सगळ्यांच्या छापील प्रती दोस्ताकडंच निघायच्या. दुकानात गर्दी, बाहेर हातगाड्या, कुणीतरी कुणाच्या तरी गाडीला गाडी लावलेली आणि त्यावरून आरडाओरडा. मी त्याच्या कानाशी म्हणाले, "एकेचाळीस ते अठ्ठेचाळीस ही पानं छापू नको."

त्यानं स्क्रीनवर ती पानं बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाला, "बोल दे ना उसको. अपनीच है."

"तू बोल."

"मैं कायकू बोलूं? मेरे कू तो आधे शहर में कमरा नहीं मिलता, मैं किस किस कू बोलूं?" हसला, पण त्याचं हसू काही खरं नव्हतं. "पन्ने निकालने से डर निकलता क्या, बाबा?"

"तू छाप गुपचूप," मी म्हणाले. त्यानं छापलं.

पप्पांना त्यांची प्रत दिली. ते पेन्सिल घेऊन खिडकीत बसले. मी स्वयंपाकघरातून कान लावून होते. चोराच्या मनात चांदणं. विमानतळाकडं एक विमान उतरलं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि मग त्यांचा आवाज आला, "चाळीसनंतर एकदम एकोणपन्नास कसं काय?"

"राहिली असतील छापायची."

"तुझी प्रत दे बघू."

दिली. त्यातही तसंच. थोड्या वेळानं मला ऐकू आलं, फोनवर बोलत होते, "पोरी, माझ्या प्रतीत जरा पानं कमी आलीत..." आणि पलीकडून तिचा खणखणीत आवाज, "माझ्याकडं आहे ना काका, आत्ता पाठवते!"

फोनची टिंग वाजली. पप्पा उठले, खोलीत गेले. दार लावलं.

माझी पाचावर धारण बसली. भाजी करपली तरी कळलं नाही. दारापाशी जाऊन उभी राहिले, आतून काही आवाज नाही. टीव्हीचाही नाही. हाक मारायची हिंमत होईना. रात्री जेवायला आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "लोणचं संपलं का?" मी बरणी पुढं केली. त्यांनी एक फोड घेतली आणि जेवत राहिले.

रविवारी मैत्रीण हुरडा घेऊन आली. पहाटेच गावी जाऊन शेतातून भाजून आणलेला, सोबत शेंगदाण्याची चटणी. अख्खं घर त्या वासानं भरलं. मी ताट दोस्तापुढं सरकवलं.

मी घाईघाईनं गोष्ट सुरू केली. "तुम्ही तिघं एका बारवेपाशी पोचलाय..."

"थांब," पप्पा म्हणाले. "आधी जन्माचा फासा टाकायचा असतो ना?"

"ते आपण घेत नाहीये."

"का गं?" मैत्रीण म्हणाली. "तेच तर भारी आहे. आपण कोण होणार ते आपल्याला ठाऊकच नाही! पुढचं मी मुद्दाम वाचलं नाही."

"चाखायचं म्हणजे सगळं चाखायचं," पप्पा म्हणाले. आवाज अगदी साधा. मी त्यांच्याकडं डोळ्यांनी नको नको म्हणत होते. त्यांनी फासा दोस्तापुढं सरकवला.

दोस्ताला अकरा पडले. उंबऱ्याचा, व्यापारी. "वहीच दुकानदारी," तो म्हणाला. मग मैत्रिणीनं फासा दोन्ही हातांत खुळखुळवला आणि टाकला. तीन.

तिनं फोनवर शोधलं आणि हसत हसत मोठ्यानं वाचायला लागली, "सावलीचे. वस्ती वेशीबाहेर. यांची सावली पडली तर... अगं बाई! नको नको, हे काय भलतंच. थांबा, मी परत टाकते."

फाशाकडं तिचा हात गेलासुद्धा.

दोस्त हुरड्याच्या ताटात बघत बसला. मी पप्पांच्या तोंडाकडं बघत 'बरं बरं'ची वाट बघत होते, आणि मनात म्हणत होते, नका म्हणू, माझ्यासमोर नका म्हणू.

"टाक की," पप्पा म्हणाले. "आमच्यातबी परत टाकला होता. माझ्या बापानं."

तिला कळलं नाही. ती हसतच होती. "म्हणजे काका?"

"दीक्षा घेतली ना. मैदान भरून माणसं होती म्हणे. त्याच्या आधी आमच्या पिढ्यान्‌पिढ्या तीनावरच. परत टाकू का, असं विचारायचीबी सोय नव्हती."

आता तिला कळलं. तिचं हसू एकदम गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे आधी बदलले. "काका, मी... मी खेळातलं म्हणाले."

"मीबी खेळातलंच बोलतोय. रागावून नाय बोलत, पोरी." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण हे तीन गुण जास्त, अंधारात लपायचे, हे ज्यानं लिहिलं त्याला एकदा विचारलं पाहिजे, तू लपून बघितलंस का कधी. मी बघितलंय. बदली झाली की नव्या गावात आडनाव अर्धं गिळून सांगायचो. लोकांना वाटायचं मास्तर जरा तोतरा हाय. गुणबिण काही मिळाले नाहीत त्याचे."

हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. आईला माहीत होतं का? असेलच.

मैत्रिणीनं फासा उचलला होता तो परत खाली ठेवला. हळूच, आवाज न करता. "राहू द्या काका. तीनच राहू द्या माझे."

"बघ," पप्पा म्हणाले, "ठेवायचं का टाकायचं, तेबी तुझ्याच हातात हाय."

तिचे डोळे भरले. पप्पांनी मला खुणावलं, पुढं चालव. मी बारवेची गोष्ट कशीबशी दहा वाक्यं ओढली. मग तिनं ओढणी सारखी केली, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाली, "आई वाट बघत असेल." तिची आई गावी असते. मैत्रीण इथं शहरात खोली घेऊन एकटी राहते. दोस्त तिला सोडायला खाली गेला आणि परत आला तो मान हलवत.

ते दोघं गेल्यावर मी फुटले. "काय गरज होती? सांगा ना, काय गरज होती? चांगलं चाललं होतं! आता नाही यायची ती. तो एकटा येऊन काय करणार? बसा आता तुम्ही आत आवाज बंद करून!" बोलू नये ते बोलले. आईचंही नाव काढलं.

पप्पांनी ऐकून घेतलं. हुरड्याचा कोंडा हातानं गोळा करत होते. "तू पानं काढलीस ना," म्हणाले, "तवा मला कळलं, तूबी अर्धं गिळायला लागलीस. तेवढं नव्हतं शिकवायचं मला तुला."

मी तिथून उठून गेले.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. ऑफिसात ती खाली मान घालून कामाला लागायची, सुट्टीत दुसऱ्यांबरोबर जेवायला जायची. समोरासमोर आलो की दोघी एकदमच फोन बघायचो. नवीन मेसेज नाही. रोज घरी आले की मी आधी पप्पांच्या खोलीचं दार बघायची. दार उघडं असायचं, पण ते पुस्तक न घेता, पेन्सिल न घेता पलंगावर नुसतेच बसलेले. दोस्ताला विचारलं तर म्हणाला, "आएगी." नाही आली तर? असं विचारलं तर तो मशीनमध्ये कागद भरायला लागला.

शनिवारी संध्याकाळी पप्पा हॉलमध्ये आले आणि माझ्यासमोर उभे राहून त्यांनी तिला फोन लावला. आवाज मोठा ठेवला. मी 'नको' म्हणायच्या आत तिनं उचललासुद्धा.

"पोरी, उद्या येतीयस ना? तुझं पुस्तक अर्धंच चाखलंय. नियमानं पुरं करावं लागंल."

पलीकडं काही नाही. मागून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते म्हणून कळत होतं की फोन चालू आहे. मी जमिनीकडं बघत उभी. आता म्हणेल, उद्या जरा काम आहे काका. असंच म्हणतात लोक. भाचा येणार आहे, म्हणतात.

"काका," ती म्हणाली. "मला काय बोलायचं ते समजत नाही."

"नको बोलू. ये नुसती."

"येते."

पप्पांनी फोन बंद केला. सोफ्याचा हात धरून खाली बसले, आणि माझ्याकडं पाणी मागितलं. मी ग्लास आणून दिला तर त्यांना तो नीट धरता येईना, शर्टावर सांडलं. मी ग्लास धरला तेव्हा घोटभर प्याले.

"लई भ्यालो होतो गं," म्हणाले. "तो फासा तिच्या हातात होता ना, तवापासनं."